गेट पडतच नाही!

महोदय,

आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या कोवळ्या प्रेमावर कादंबरी आली म्हणून आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून ती घेतली. पहिली ४० पानं हौसेनं वाचली, पुढं नुसती उलटली. नायक-नायिका रोज दुसऱ्या रेल्वे गेटपाशी भेटतात. पण गेट पडलंय, दोन्हीकडं स्कूटरी खोळंबल्यात, असं एकदाही होत नाही! तो मराठी शाळेतला, ती कन्नड घरातली, तरी दोघं बोलतात पुण्याच्या पेठेतलं. इथली पोरं एका वाक्यात मराठी, कन्नड, हिंदी फिरवतात, भांडतानासुद्धा. घरच्यांचा विरोध दीड पानात उरकलाय. आपली बेळगावी मिठाई, कुंदा, तेवढी पानोपानी आहे. मुखपृष्ठ मात्र सुरेख.

— एक वाचक, अनगोळ, बेळगाव