पिंपळाचे पान आणि नकाराचे पत्र

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला आर. के. लक्ष्मण यांच्यावरचा लेख वाचला. लिहिला छान आहे, पण निम्मा लेख त्याच एका किश्श्यावर खर्ची पडला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने लक्ष्मण यांना प्रवेश नाकारला होता, हा तो किस्सा. आणि शेवटी निष्कर्ष काय, तर कला शिकवून येत नाही, ती रक्तातच असावी लागते. चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवेना.

नकार खरा आहे. तुमच्या चित्रांत प्रवेशास लागणारे गुण दिसत नाहीत, अशा अर्थाचे पत्र अधिष्ठात्यांनी धाडले होते. पण त्याच्या आधी आणि नंतर या मुलाने काय केले, ते लेखात जवळजवळ नाहीच.

लक्ष्मण यांचा जन्म १९२१चा, म्हैसूरचा. वडील मुख्याध्यापक, आणि भावंडांत हे सर्वांत धाकटे. घरात ‘स्ट्रँड’, ‘पंच’ अशी विलायती मासिके असत. अक्षरओळख होण्याआधी पोराने त्यातली चित्रे न्याहाळली आणि घराच्या जमिनी, भिंती, दारे रेघोट्यांनी भरून टाकली. शाळेत एकदा पिंपळाचे पान काढले, त्याचे मास्तरांनी कौतुक केले आणि तेव्हापासून हा स्वतःला चित्रकार समजू लागला. या मास्तरांना आपल्या लेखात एक ओळही मिळू नये? (मला जरा जास्तच लागले असेल, पेशाचा परिणाम.)

पुढे ‘द हिंदू’मध्ये अधूनमधून येणाऱ्या डेव्हिड लो यांच्या व्यंगचित्रांनी त्यांना झपाटले. त्या ब्रिटिश व्यंगचित्रकाराची सही ते कितीतरी दिवस ‘काऊ’ अशी वाचत होते! नाव धड ठाऊक नाही, पण रेषा पाठ. आणि खोलीच्या खिडकीतून जे दिसेल ते कागदावर उतरवणे चालूच होते. वाळक्या काटक्या, पाने, पालीसारखे सरपटणारे जीव, लाकडे फोडणारे गडी, समोरच्या छपरांवर नाना तऱ्हेने बसलेले कावळे. याला ‘रक्तात असणे’ म्हणायचे असेल तर म्हणा, मी याला सराव म्हणतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या मुलांकडून वस्तुचित्र काढून घेताना आम्ही दुसरे काय सांगतो? फरक एवढाच, की आमची बहुतेक मुले तांब्या आणि दोन वांगी काढतात, दहावीचे वाढीव गुण पदरात पाडून घेतात आणि पेन्सिल कायमची ठेवून देतात.

नकार आल्यावर लक्ष्मण म्हैसूरलाच बी.ए. झाले. थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या कथा ‘द हिंदू’त छापून येत, त्यांना चित्रे हे काढत. ‘कोरवंजी’ या कन्नड विनोदी मासिकासाठी काढली, मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत काही काळ काम केले. माझ्या मते व्यंगचित्रकार घडला तो इथे. कथाचित्र काढणाऱ्याला चार बोटांच्या जागेत ओसरी, खुर्ची, माणसाची बसण्याची ढब आणि त्याची ऐपत, सगळे बसवावे लागते. मग मुंबईला ‘फ्री प्रेस जर्नल’, तिथे सहकारी म्हणून बाळ ठाकरे, आणि त्यानंतर ‘टाइम्स ऑफ इंडिया’. हा भाग सर्वांना माहीत आहे.

तो चौकड्यांच्या कोटातला, धोतरातला ‘कॉमन मॅन’सुद्धा एका दिवसात सुचलेला नाही. आधी चित्रात बंगाली, तमिळ, पंजाबी अशी सगळ्या प्रांतांची माणसे गर्दी करून असत. पान छपाईला जायची वेळ गाठता गाठता त्यातली एकेक कमी होत गेली आणि शेवटी हा एकटा उरला. १९५१मध्ये सुरू झालेल्या त्याच्या व्यंगचित्राच्या चौकटीला आम्ही मराठी वाचक ‘कसं बोललात!’ म्हणून ओळखतो. आमच्या घरी अग्रलेखाआधी तीच पाहिली जाई, आणि वडील चहाचा कप हातात तसाच धरून हसत.

आता खरी तक्रार, आणि ती आपल्याच दैनिकाबद्दल आहे. त्याच पुरवणीत एका ग्रामीण कथेसोबत बैलगाडीचे काळ्या शाईतले चित्र आहे. बैलांच्या मानेवर जू नेमके जिथे हवे तिथे बसलेले, चढावर जोर लावणारे खांदे, मागे रेलून कासरा धरलेला म्हातारा. ज्याने काढले त्याने गाडी नुसती मोबाइलवर पाहिलेली नाही. कथालेखकाचे नाव ठळक अक्षरांत आहे. चित्रकाराचे कुठेच नाही. उजव्या कोपऱ्यात सहीची अर्धी वेलांटी दिसते, बाकीची चौकट बसवताना कापली गेली असावी. म्हैसूरच्या त्या पोराला चुकीची का होईना, वाचायला सही तरी होती.

येत्या रविवारी त्या चित्रकाराचे नाव छापावे, ही विनंती. आणि यापुढे प्रत्येक कथाचित्राखाली.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा