पुतण्याची पलटण

प्रिय सुरेश,

पत्र मिळालं. पुतण्याची कसम परेड बेळगावात थाटात झाली म्हणतोस, अभिनंदन! आता तुझा प्रश्न: रेजिमेंट मोठी की ब्रिगेड?

अरे, पायदळात रेजिमेंट लढाऊ तुकड्यांच्या लहान-मोठ्या उतरंडीत बसतच नाही. मराठा लाइट इन्फन्ट्री हे घराणं. लढायला जाते ती पलटण, म्हणजे बटालियन, आणि एकाच घराण्याच्या पलटणी निरनिराळ्या ब्रिगेडींत विखुरलेल्या असतात. 1999 मध्ये कारगिल युद्धात तोलोलिंग शिखरावर आधी 18 ग्रेनेडियर्स (आकडा पलटणीचा, नाव रेजिमेंटचं) झुंजली, मग 2 राजपुताना रायफल्सनं ते घेतलं. रेजिमेंटा दोन, ब्रिगेड एकच, 56 माउंटन. (रणगाड्यांची किंवा तोफखान्याची रेजिमेंट मात्र पलटणीसारखंच एक युनिट असतं. घोळ होणारच!)

पोराचं खरं जग सेक्शनमध्ये. दहा जण, वर एक हवालदार, सोबत एक एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन. पहारा आळीपाळीनं. रात्री दोनच्या ड्यूटीला कुणाला हलवून उठवावं लागतं, कुणाचे बूट ओले राहिलेत, घरून फोन आल्यापासून कोण गप्प आहे, हे हवालदाराला न सांगता कळतं. असे तीन सेक्शन म्हणजे प्लाटून. तिथं बहुधा सुभेदार किंवा नायब सुभेदार साहेब. तीन प्लाटूनची कंपनी, साधारण 120 जवान, वर मेजर. लंगर, संध्याकाळचा रोल कॉल, रजेचा अर्ज, सगळं कंपनीतच. 1962 मध्ये लडाखमधली रेझांग ला खिंड चिन्यांविरुद्ध लढवली ती 13 कुमाऊंची एकटी चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंगांची. एवढ्या माणसांनी काय होतं, असं कुणी म्हणालं तर ते नाव सांग.

चार रायफल कंपन्या, शिवाय सपोर्ट आणि हेडक्वार्टर, मिळून आठशेच्या आसपास माणसांची पलटण. वर कर्नल, म्हणजे सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब. पण जवानांच्या अडीअडचणींत सुभेदार मेजर साहेबांचा शब्द फार चालतो, हे पोराच्या कानावर घाल.

त्यावरचं त्याला रोज दिसणार नाही. साधारण तीन पलटणींची ब्रिगेड. तीन-चार ब्रिगेडी, तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल मिळून डिव्हिजन, पंधरा-अठरा हजारांची, वर मेजर जनरल. मग कोअर, मग कमांड. तुमच्या पुण्यातली सदर्न कमांड त्यातलीच. गंमत म्हणजे कोअर आणि कमांड, दोन्हींवर लेफ्टनंट जनरलच.

त्याला पत्र धाडताना नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण, आणि खाली ‘मार्फत 56 एपीओ’ किंवा ‘99 एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी पोस्ट ऑफिस), तो कळवेल ते. ब्रिगेड, डिव्हिजन, गाव काही लिहू नकोस. आणि त्या 56 चा वरच्या ब्रिगेडशी काही संबंध नाही, नाहीतर पुढच्या पत्रात तेच विचारशील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू