पुरचुंडी

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री

विन्या,

चौदा महिन्यांत एक ओळ नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. मी ठणठणीत, गुडघा तसाच, वजन मात्र वाढलंय. लिहितोय कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो हसेल.

काल कॅमेऱ्याची बॅग उन्हात टाकायला रिकामी केली. आतल्या चोरकप्प्यात लाल चिंधीत बांधलेली तुळशीची मंजिरी! आईचं काम. मला पत्ता नाही आणि बॅग अंटार्क्टिकात, आपल्या मैत्री स्टेशनवर जाऊन आली. गाठ सुटलेली. पेपरवर झटकली तर निम्मी बोंडं रिकामी. एकेका बोंडात चार बिया, हे तूच शिकवलंस. मग बाकीच्या सांडल्या कुठे?

केपटाउनला जहाजावर चढण्याआधी आम्ही खिसे व्हॅक्यूमने साफ केले होते, वेल्क्रोतली कुसळं चिमट्याने उपटली होती. एका पोराच्या खोक्यात थर्माकोलचे मणी निघाले, तेव्हा त्याला सगळ्यांदेखत झापणारा मीच. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणासाठीच्या 1991च्या करारात ते मणी बंद, परवान्याशिवाय परकं बी बंद. स्लेज ओढणारी कुत्रीसुद्धा 1994 पर्यंत तिथून हलवली. जाळलेल्या कचऱ्याची राखही पिंपात भरून परत आणायची. आणि हे महाशय तुळस घेऊन हिंडतायत! प्रियदर्शिनी तळ्याकाठी तीच बॅग टेकवून फोटो काढलेत मी. स्टेशनचं पिण्याचं पाणी त्याच तळ्याचं.

तुळस तिथे रुजणार नाही, एवढं माझ्यासारख्या जनरेटरवाल्यालाही कळतं. पण अंटार्क्टिकातल्याच किंग जॉर्ज बेटावर युरोपातलं साधं गवत रुजलंच ना? तेही असंच कुणाच्या तरी बुटाला चिकटून गेलं असणार.

येऊरला माझी सॅक उपडी करून वेफर्सची पाकिटं मोजली होतीस, आठवतं? मी तुला ‘वनखात्याचा जावई’ म्हणालो आणि दोन महिने अबोला. पाकिटं पाचच होती, सात नव्हे. अजूनही.

मोहिमेच्या लीडरला कळवायला हवं. दोनदा मेल लिहून खोडला. कायद्याची भीती आहेच, पण त्याहून त्या पोराची. त्याला काय तोंड दाखवू? तू असतास तर काय केलं असतंस? (तुझी बॅग तू स्वतः तपासली असतीस, ठाऊक आहे.)

बदलीचं काय झालं? धाकटीची यंदा दहावी ना? वहिनींना नमस्कार.

आई आत्ताच विचारून गेली, ‘दिलं होतं ते सगळीकडे बरोबर होतं ना रे?’ हो म्हटलं.

उरलेल्या बिया काडेपेटीत ठेवल्यात. फोन नको करूस, ती ऐकते. लिही.

तुझा,
बाळ्या