ब्रेकर पाडून बघा

मा. संपादक,

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात गुलमोहराची फांदी तारांवर पडली आणि आमच्या सोसायटीची लिफ्ट तिसऱ्या मजल्याजवळ अडकली. सगळ्यांनी मलाच धरले, “काका, गच्चीवर एवढे सोलर लावले, मग लिफ्ट बंद का?” लष्करी छावण्यांच्या छतांवर सोलर बसते आहे, आता त्यांना विजेची चिंता नाही, असे कट्ट्यावर ऐकतो तेव्हाही दोघांना एकच उत्तर द्यावे लागते, ते खाली देतो. छावण्यांमधली वीज सांभाळण्यात माझी ३४ वर्षे गेली, म्हणून हे पत्र.

बाहेरची वीज गेली की साधा सोलर इन्व्हर्टर आपण होऊन बंद होतो. तो बिघाड नव्हे. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरची वीज लागू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. मायक्रोग्रिडचे, म्हणजे बाहेरची वीज गेली तरी छावणीपुरते स्वतंत्र चालणाऱ्या छोट्या वीजजाळ्याचे, काम इथून सुरू होते. वीज जाताच मुख्य ब्रेकर (बाहेरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) उघडून, म्हणजे पाडून, छावणी बाहेरच्या जाळ्यापासून तोडायची, बॅटरीवरच्या इन्व्हर्टरने ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांचा, ठेका धरायचा आणि सोलर व जनरेटर त्या ठेक्यावर आणायचे. तरीही सगळा लोड पेलत नाही. दवाखाना, सिग्नल, पाण्याचे पंप आधी. मेसचे एसी शेवटी. कंट्रोलर फीडर (एकेका भागाला वीज नेणारी लाइन) बंद करतो, पण कुठला बंद करायचा ते माणसांनी आधी भांडून ठरवावे लागते. (मेसबद्दल बोलायची हिंमत मला नोकरीत असताना कधी झाली नाही.) २००६ मध्ये पुण्यातल्या कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवून सुमारे ९० मेगावॉट वीज शहरासाठी मोकळी केली आणि आपले भारनियमन टळले, तेही सगळे आधी बसून ठरवले होते म्हणूनच.

आता खरा मुद्दा. पंचवीसेक वर्षांपूर्वी, श्रावणात, एका छावणीत (ठिकाण सांगत नाही) जमिनीखालची केबल गेली. जनरेटर पहिल्या सेल्फला सुरू झाला, पण दवाखाना अंधारातच. तोंडात टॉर्च धरून चेंजओव्हरचे (लोड बाहेरच्या विजेवरून जनरेटरवर वळवणारे) पॅनेल उघडले, तर त्यातल्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे आपोआप मिटणाऱ्या स्विचच्या, फटीत वाळून पापड झालेली पाल. कॉन्टॅक्टर ओढायचा, पण मिटायचा नाही. इंजिन थांबवून पक्कडीने ती काढेपर्यंत चाळीस मिनिटे गेली आणि लसींच्या फ्रिजची काळजी वेगळीच. वहीत मात्र दर सोमवारी ‘५ मि. चालवला, ओके’. खाली सही माझी. लोड कधी टाकलाच नव्हता, मग पाल दिसणार कशी? बिनलोडचे डिझेल इंजिन नुसते फिरवत राहिले की सायलेन्सरमध्ये काजळीचे तेल साचते, ते आणखी वेगळे.

लडाखमध्ये चुशूलला, ४,४०० मीटरवर, एनटीपीसीने लष्करासाठी सौर-हायड्रोजनची २०० किलोवॉटची मायक्रोग्रिड हाती घेतली. डिझेल वर चढवण्याचा खटाटोप पाहिला की तिची गरज पटते. कॅलिफोर्नियातल्या मिरामार तळावर तर कचरा डेपोतल्या वायूपासूनही वीज होते. पुण्याजवळच्या उरुळीच्या कचरा डेपोवरून जाताना नाक दाबून मला तेच आठवते. पण अमेरिकी लष्कराचे मला जास्त आवडते ते दुसरेच. ते अख्ख्या तळाची वीज मुद्दाम तोडतात आणि काय काय बंद पडते ते बघतात.

आपल्याकडेही मायक्रोग्रिडचे काम ताब्यात घेताना कागदी चाचणीवर भागवू नये. ठेकेदाराला वेळ न सांगता, पावसाळ्यात, रात्री दोन वाजता, पूर्ण लोडवर मुख्य ब्रेकर पाडावा. दवाखान्याला आणि सिग्नलला तेवढे आधी कळवावे. पुढे दर तिमाहीला हेच. आणि सोमवारच्या वहीत ‘लोडवर’ असा एक रकाना वाढवावा, त्यात ब्रेकर ज्याने हाताने पाडला त्याचीच सही घ्यावी.

— एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक, खडकी, पुणे