विद्यार्थी परिषदेत विद्यार्थ्यांना वेळ द्या

महोदय,

जनआरोग्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी परिषद भरवणाऱ्या महाविद्यालयांना काही कळकळीच्या सूचना.

शोधनिबंधांचे सारांश मागवतानाच नैतिकता समितीच्या मंजुरीचे पत्र मागा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही मंजुरी अभ्यास सुरू करण्यापूर्वीच घ्यावी लागते. पत्राची आठवण निवडीनंतर झाली, तर घरोघर फिरून माहिती गोळा केलेला विद्यार्थी ऐनवेळी बाद होतो. परीक्षकांकडे सारांश पाठवताना नाव आणि महाविद्यालय काढाच; फाइलच्या नावातही ते राहून जाते.

सगळ्यात मोठा घोळ वेळेचा. सात मिनिटे सादरीकरण आणि तीन मिनिटे प्रश्न, म्हणजे तासाला सहा विद्यार्थी कागदावर बसतात. पण नाव पुकारणे, माइक, पेनड्राइव्ह यात प्रत्येकाची दोन मिनिटे जातातच, म्हणून तासाला पाचच विद्यार्थी धरा. सगळ्या स्लाइड आदल्या संध्याकाळी एकाच लॅपटॉपवर घ्या आणि मराठी फॉन्ट उघडून पाहा, नाहीतर गावातल्या बायकांच्या मुलाखतींतली वाक्ये पडद्यावर नुसते चौकोन होऊन येतात. दीपप्रज्वलन, सत्कार अर्ध्या तासात आटोपा. उद्घाटन लांबले की कात्री प्रश्नोत्तरांना लागते, आणि विद्यार्थी शिकतो तो तिथेच!

पोस्टर उभे की आडवे, हे पत्रकातच छापा. चार फूट रुंद पोस्टर तीन फुटी फलकावर मावत नाही.

एमपीएचच्या (जनआरोग्यातील पदव्युत्तर पदवी) विद्यार्थ्यांना एमडीच्या निवासी डॉक्टरांसारखे विद्यावेतन बहुधा नसते. त्यांचे नोंदणी शुल्क कमी ठेवा.

– जनऔषधवैद्यकशास्त्राचे (कम्युनिटी मेडिसिन) काही अध्यापक, पुणे