बाबा, डबा ठरला

बंगळूर, ८ फेब्रुवारी २०२६

ती. आई-बाबांना सा. न.

हे सगळं फोनवर सांगायला गेले की बाबा स्पीकर लावतात, बोलता बोलता टीव्हीमागची कुठलीतरी वायर उपटतात आणि आई ‘तुमचं चालू द्या’ म्हणून कुकर लावायला जाते. म्हणून या वेळी कागदावर लिहितेय. बाबा, तुम्ही हे वॉरंटी कार्डांच्या फाइलीत लावणार, हे धरूनच.

टीव्हीला जोडून पेनड्राइव्हवरचे व्हिडिओ दाखवणारा डबा ठरला आहे, पण आधी तुम्ही दिवाळीत कुणालाही न विचारता मेन रोडवरून आणलेल्या डब्याचं बोलू. खोक्यावर ‘८के’, ‘६४ जीबी’ आणि झेप घेणारा चित्ता. टीव्हीवर मात्र आडव्या धरलेल्या मोबाइलसारखं चित्र, आणि त्यात माउसचा बाण, जो रिमोटच्या बटणांनी तसूतसूने सरकवायचा. आईने दोनदा प्रयत्न केला आणि मग त्या रिमोटवर क्रोशाचा रुमाल घातला. तो अजून तिथेच आहे.

तो हँग होतो हे सोडून देते. पण असल्या बिननावाच्या अँड्रॉइड डब्यांबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. काहींत विकण्याआधीच, तर काहींत पहिल्यांदा चालू करताना घातक सॉफ्टवेअर शिरतं आणि घरचं इंटरनेट भलत्यांच्या कामाला जुंपलं जातं. आपला तसाच आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या वायफायवर तुम्ही पेन्शनचं खातं उघडता, त्यावर तो नको. आजच प्लग काढा. एचडीएमआयची वायर तेवढी ठेवा, चांगली आहे.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न: टीव्हीला यूएसबी आहे, मग पेनड्राइव्ह त्यातच का चालत नाही? याचं उत्तर आईच्या फडताळात आहे. तिथे बोर्नव्हिटाच्या डब्यात मोहरी असते आणि श्रीखंडाच्या डब्यात धणे. फाइलीच्या नावामागचं एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही हे नुसते डबे. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय आणि आवाज कुठल्या, ते निराळंच. म्हणून एकाच नावाच्या दोन फाइलींतली एक चालते आणि दुसरीचं चित्र दिसतं पण आवाज नाही. टीव्हीला त्या डब्यातली मोहरी ओळखता येत नाही, एवढंच.

दादा दर सुट्टीत आर्याचे व्हिडिओ आणतो ना, ते आयफोनवरचे. आयफोन २०१७ पासून चित्र दाबून भरायच्या एच.२६५ नावाच्या पद्धतीने चित्रण साठवू शकतात. त्यात तेवढंच चित्र जुन्या एच.२६४ च्या साधारण निम्म्या जागेत बसतं. ही पद्धत २०१३ मध्ये ठरली आणि आपला टीव्ही २०१४ चा. त्याला ती शिकवलेलीच नाही आणि आता शिकवताही येणार नाही. तेव्हा रिमोट आपटण्यात अर्थ नव्हता, बाबा.

आपल्या कॅमेऱ्याच्या कॅसेटची तऱ्हा आणखी वेगळी. त्या अकरा मिनीडीव्ही कॅसेट मी इथे उतरवून घेतल्या. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, मधे घाई चालत नाही. अकरा रविवार मी समोर बसून बघितलं. तिवंध्याची रहाड, म्हणजे आपल्या नाशिकचा रंगपंचमीचा हौद, बघितली: ते रंगाचं पाणी, आणि पांढरा पायजमा घालून धप्पकन उडी मारणारे तुम्ही, बाहेर आल्यावर चष्मा शोधताय. (आईचा कॅमेऱ्यामागचा आवाज: ‘सांगितलं होतं काढून ठेवा.’) २००८ चा पूर बघितला, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीभोवती चढत गेलेलं पाणी आणि बघायला आलेलं सगळं नाशिक. तासाभराच्या या चित्रणाची फाइल साधारण १३ जीबीची होते. तुमच्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती मावायला हवी होती, पण गेली नाही. कारण तो ज्या जुन्या रचनेत फॉरमॅट केलेला आहे, त्या फॅट३२ मध्ये एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. पेनड्राइव्ह खराब नव्हता. तुम्ही तो दुकानदाराशी भांडून बदलून आणलात, त्याला माझ्यातर्फे सॉरी सांगा.

या फाइली मी आता एच.२६४ मध्ये करून ठेवल्यात, तासाला साधारण दोन जीबी. जुन्या चित्रणात एकेक चित्र दोन वेळा अर्धं अर्धं टिपलेलं असतं. त्यामुळे कुणी हात हलवला की हाताला फणीचे दात फुटल्यासारख्या रेघा येतात. आजी ओवाळत होती तिथे तर निरांजनही दातेरी दिसत होतं. त्या रेघा काढल्यात. मूळ फाइली माझ्याकडे दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत. तुमच्याकडे हार्ड डिस्क पाठवत नाही. टीव्हीच्या पोर्टमधून यूएसबी २.० च्या नियमाने ५०० मिलिअँपियरच मिळतात, डिस्कची मोटर सुरू होताना त्याहून जास्त मागते आणि मग ती नुसती टकटक करत बसते. आईला वाटलं होतं पाल चुकचुकतेय.

म्हणजे कॅसेटपुरतं बघितलं तर डबा घ्यायची गरजच नाही, टीव्ही त्या चालवेल. पण आर्याचे व्हिडिओ दर खेपेला बदलून द्यायला मी तिथे नसते. डबा घ्यायचा तो त्यासाठी.

काठीसारखी दिसणारी ती स्टिक मी बाद केली. तिला यूएसबीचं नीट पोर्ट नाही, पेनड्राइव्ह लावायचा तर वेगळी वायर जोडावी लागते. दादा म्हणाला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेऊ, त्यावर कोडी हे व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर टाकू, झकास चालतं. चालतं, त्याच्या घरी. आपल्याकडे ते बंद पडलं की दादाची सुट्टी येईपर्यंत टीव्हीवर काळा पडदा. त्याला कळवलंय, जरा रुसलाय.

मी मागवलाय तो गूगल टीव्हीचा, नीट प्रमाणपत्र असलेला, मागे मोठं यूएसबी पोर्ट असलेला. वर ‘४के’ लिहिलेलं बघून बाबा म्हणतील, बत्तीस इंची टीव्हीला ४के कशाला? बरोबर आहे, टीव्हीवर काही फरक पडणार नाही, आणि कॅसेटमध्ये तर मुळात ५७६ च रेघा आहेत. पण एच.२६५ नीट चालवणारी चिप हमखास हवी तर ४के वालाच घ्यावा, म्हणून तो.

आणि आई, या डब्याला माउसचा बाण नाही. वर-खाली, डावी-उजवी आणि मधलं गोल बटण. बुधवारी तो आला की दुसऱ्या एचडीएमआयमध्ये लावायचा, पहिल्यात सेट-टॉप बॉक्स आहे तो तसाच राहू दे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाचं काहीतरी असतं, प्रत्येक कंपनीने त्याला आपलं वेगळं नाव ठेवलंय. ते बाबांनी एकदा चालू करून द्यावं आणि मग बाजूला व्हावं. त्यानंतर डब्याचं बटण दाबलं की टीव्ही आपोआप त्याच्यावर येईल. व्हीएलसी हे व्हिडिओ चालवणारं अॅप उघडायचं, त्यात पेनड्राइव्ह दिसेल. नावं मी मराठीत दिलीत आणि पुढे आकडे घातलेत: ०१ मुंज, ०२ रहाड, ०३ पूर असं.

पहिल्यांदा तू एकटी असतानाच लावून बघ. बाबांना रविवार कारंज्यावर भाजीला पाठव.

तुमची,
मनू

ता. क. आई, ०७ मध्ये ४१ व्या मिनिटाला गच्चीच्या दारात हिरव्या नऊवारीतली एक बाई चार सेकंद दिसते, पदराने तोंड झाकून हसतेय. आत्या म्हणते, ती मी नव्हे. मधलं बटण दाबून चित्र थांबव आणि कोण ते मला कळव.