नाखव्याच्या भावाला काय सांगू?

कोपरी, ठाणे (पूर्व)
१३ डिसेंबर २०२४

प्रिय तारमास्तर,

दिवाळीला फोन केला नाही, तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला कराडला आलो नाही, आणि आता एकदम पत्र. म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकीट पाहूनच ओळखलं असशील. माझी साखर आहे तिथेच आहे, डोळ्याचं झालं, शैला बरी आहे. फोन दोनदा लावला आणि उचलायच्या आत ठेवला. हे बोलून सांगण्यासारखं नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखंही नाही.

आठ तारखेला रविवारच होता. नेहमीसारखे नेरुळला जमलो. मागच्या वर्षी सतरा होतो, यंदा तेरा. आधी आपल्या नौदलाच्या पहिल्या पाणबुडीचं, कलवरीचं नाव घेतलं, ८ डिसेंबर १९६७, रीगाला दाखल झालेली. मग त्या पहिल्या चौघींतल्या उरलेल्या तिघी, खांदेरी, करंज, कुरसुरा. मग सिंधुरक्षक पाणबुडीवरची अठरा मुलं. २०१३ सालच्या त्या १४ ऑगस्टला डॉकयार्डात गेलेली. त्यांची नावं वाचताना अजून कुणी खुर्चीवर बसत नाही, गुडघे कितीही दुखोत. मग सिंधुरत्नवरचे दोन तरुण अधिकारी. मग आपले. जहाजाची घंटा आपल्याकडे कुठली? आपल्या इंजिनवाल्या चीफची मुलगी शाळेत शिकवते, तिने शाळेतला पितळी टोल आणला होता. एकेका नावाला एकेक ठोका. चीफचंही नाव आता त्याच यादीत आहे. स्नॉर्ट चालू असताना, म्हणजे बोट पाण्याखाली राहून नळीने वरची हवा घेत असताना, डिझेलच्या आवाजावरून कुठलं इंजिन रुसलंय ते झोपेत सांगणारा माणूस. त्याच्या नावाचा ठोका त्याच्याच मुलीने दिला.

यंदा नवं नाव नाखव्याचं. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेला, होड्या बाहेर पडल्यावर. मी तुला कळवलं होतं, तेवढाच तो दोन ओळींचा मेसेज. आपल्याकडची पद्धत तुला माहीत आहे, नव्या नावाबद्दल एकाने उठून बोलायचं; पदकं-बिदकं नाहीत, माणूस कसा होता ते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि जवळ्याच्या चटणीची गोष्ट सांगितली.

छान सांगितली रे. पंधराव्या दिवशी भाजी संपते, मग डबे फोडायचे. पाणी मोजून, अंघोळ नाही. अंगाला, पावाला, उशीला, स्वप्नालाही डिझेलचा वास. आणि त्या वासाला हरवणारी एकच गोष्ट, नाखव्याची हॉर्लिक्सची बरणी. आईने करंजाहून बांधून दिलेली सुक्या जवळ्याची चटणी. झाकण मागच्या टॉर्पेडो रूममध्ये उघडलं तरी पुढच्या टॉर्पेडो रूममधला माणूस ताट घेऊन उभा राहायचा. प्रत्येकाच्या ताटात बोटाच्या पेराएवढी, अधिक नाही, कमी नाही. "आयेनं सांगितलंय, एकट्यानं खायची नाय." तू त्याला मासळी बाजार म्हणायचास आणि रांगेत पहिला तूच असायचास, हेही सांगितलं. हसले सगळे. चीफची मुलगी तर डोळे पुसून पुसून हसली.

शेवटच्या रांगेत नाखव्याच्या मुलीने तिच्या काकाला आणून बसवलं होतं. मी त्याला ओळखलंच नाही. ओळखणार कसा? भाऊ म्हणून नाखव्याने कधी फोटोसुद्धा दाखवला नव्हता.

चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. सत्तरीचा असेल, हात दोरखंडासारखे. चहा हातात तसाच. म्हणाला, "ती चटनी आयेची व्हती? कंच्या सालातली?" मी बोलण्याच्या भरात होतो. म्हणालो, "एक्क्याऐंशीची. शिमग्याच्या आधीची लांबची फेरी." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आये तवाच गेली. म्या तार केलती. त्याला म्हायती व्हती का?"

दिन्या, माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला.

"बघून सांगतो," म्हणालो. काय बघून सांगणार होतो मी? त्रेचाळीस वर्षांनी मी काय बघणार? पण तेवढंच तोंडातून आलं. त्याने मान हलवली, कपबशी नीट टेबलावर ठेवली आणि पुतणीला म्हणाला, चल. तेव्हापासून मला झोप नाही.

आता तू म्हणशील, सरळ "नव्हती माहीत" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तेवढं सोपं असतं तर मी तुला पत्र लिहिलं नसतं. नव्हती माहीत म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग तार गेली कुठे? तार कुठे गेली ते जगात तीन माणसांना ठाऊक होतं. आपले कॅप्टन साहेब वारले. राहिलो तू आणि मी.

तुला आठवतं तसं मला आठवतं का, ते पडताळून पाहायचंय, म्हणून लिहितो. रात्री स्नॉर्टवर होतो. लाट डोक्यावरून गेली की झडप मिटायची, डिझेल आतलीच हवा ओढायचं आणि कानात कुणीतरी बोटं खुपसल्यासारखं व्हायचं. त्या रात्री ते फार होत होतं. तू कानाला हेडफोन लावून लिहीत होतास. आपण ऐकू शकतो, बोलू शकत नाही. एक शब्द हवेत सोडला तर बोट कुठे आहे ते शत्रूला कळणार. त्यामुळे आलेल्या निरोपाला पोच नाही, उत्तर नाही. तू कागद साहेबांकडे नेलास. त्यांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि तुला म्हणाले, हे तू घेतलेलंच नाहीस. किनाऱ्याला लागल्यावर मी स्वतः सांगेन.

मी साहेबांना दोष देत नाही. तेव्हाही फारसा दिला नव्हता. परत फिरणं शक्य नव्हतं. नाखवा बॅटरीवरचा माणूस, खालच्या खोपटात पोटावर सरपटत ४४८ सेलचं पाणी आणि तापमान बघणारा. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, तिथे हात थरथरणारा माणूस नको. हे सगळं मला कळतं. त्यातलं एक अक्षरही मी खोडत नाही.

पण तू मला तिसऱ्या रात्री का सांगितलंस? मी अजून त्यावर रागावतो. आपला बंक एकच, पाळी बदलली की तू उठायचास आणि तुझ्या अंगाने गरम झालेल्या गादीवर मी पडायचो. त्या दिवशी तू उठलाच नाहीस. बसून राहिलास, बोटं गुडघ्यावर कडकट्ट कडकट्ट वाजवत. झोपेतही तुझी बोटं मोर्स वाजवायची, त्यावरून आम्ही तुला किती छळलंय! त्या रात्री मी थट्टा केली नाही. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, नाखव्याची आई गेली.

त्यानंतर किनारा लागेपर्यंत अकरा दिवस. अकरा दिवस तो ताटात पेराएवढी चटणी ठेवायचा आणि म्हणायचा, घे, आयेनं केलीय.

मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी त्यालाच माझी काळजी वाटायला लागली. माझ्यासाठी भाताची पेज करून घेतली त्याने कुककडून, आणि पेजेला चव नाही म्हणून वर चटणी. तू मात्र रोज खाल्लीस. त्यावरून आपण नंतर विशाखापट्टणमच्या स्टेशनवर भांडलो, आणि मी तुला काय काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. दगड म्हणालो. तू म्हणालास, "मी नाही खाल्ली तर त्याला कळेल." एवढंच म्हणालास आणि गाडीत बसलास. दोन वर्षं आपण बोललो नाही. सात रुपयांच्या रमीवरून बोलत नाही, असं सगळ्यांना वाटायचं.

तुझं बरोबर होतं. हे मी त्रेचाळीस वर्षांत कधी म्हणालो नाही, आज म्हणतो. ती चटणी खाणं माझ्या पोटदुखीपेक्षा फार अवघड होतं.

जेट्टीवर साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. डोक्यावरची टोपी काढली. आपण दोघं दोर बांधत होतो आणि वर बघत नव्हतो. तो घरी पोचला तेव्हा तेरावं होऊन गेलेलं. पुढचं मला तुकड्या-तुकड्याने त्याच्या बायकोकडून कळलं. धाकट्याने एकट्याने सगळं केलं. गावात लोक म्हणाले, तार पोचली आणि थोरला आला नाही. लष्करातली माणसं हेलिकॉप्टरने येतात, हा का आला नाही? नाखवा फक्त एवढंच म्हणाला, "पाण्यात होतो." कुठल्या पाण्यात, किती दिवस, निरोप कधी कळला, काही नाही. बोटीतली गोष्ट बोटीत ठेवायची, हे त्याने आपल्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. धाकट्याने होडी वेगळी केली. एका गावात, एका देवीच्या जत्रेला, द्रोणागिरीच्या पायऱ्यांवर दोघं समोरासमोर यायचे आणि एक जण बाजूला व्हायचा.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुला कधी सांगितली नाही. मी आणि नाखवा बायकांना घेऊन विशाखापट्टणमला गेलो होतो, कुरसुरा बघायला. वाळूवर उभी केलेली ती बोट. आत शाळेची मुलं, पोरं म्हणतात केवढी छोटी! आपल्या बोटीची मोठी बहीणच, त्यामुळे प्रत्येक पाइप ओळखीचा. बायका पुढे गेल्या. नाखवा रेडिओच्या खोलीपाशी थांबला. सेटकडे बघत म्हणाला, "दिन्या इथंच बसायचा." मी हो म्हणालो. मग म्हणाला, "तार इथंच आली असंल." आणि माझ्याकडे न बघता पुढच्या दारातून वाकून निघून गेला. मी मागे उभा. बाहेर आल्यावर त्याने सगळ्यांना उसाचा रस पाजला.

त्याला ठाऊक होतं, दिन्या. केव्हापासून, ते मला सांगता येणार नाही. पण त्यानंतरही दरवर्षी ८ डिसेंबरला तुला पहिला फोन त्याचाच यायचा ना?

तुला त्याचा आवाज शेवटचा कधी आनंदलेला आठवतो? मला २०२१ चा १० मार्च आठवतो. नवी करंज नौदलात दाखल झाली, टीव्हीसमोर तो सकाळपासून बसलेला. जुन्या करंजचे एकाहत्तरच्या युद्धातले कॅप्टन, अॅडमिरल शेखावत, पाहुणे म्हणून आलेले. त्याने मला फोन करून ओरडून सांगितलं, "माझ्या गावाच्या नावाची बोट परत पाण्यात गेली!" मागे त्याची नात टाळ्या वाजवत होती. आणि दुसरा नाखवा आठवतो, ९ डिसेंबरचा. तो दिवस तो एकटा पाळायचा. एकाहत्तरच्या युद्धात बुडालेल्या आपल्या खुकरी जहाजासाठी. अठरा अधिकारी, एकशे शहात्तर खलाशी. मी एकदा म्हणालो, ते आपल्यातले नव्हेत, जहाजावरचे. तर म्हणाला, त्यांना पाणबुडीनं बुडवलं, म्हणून तर आपण आठवायचं. तिला बुडवणाऱ्या त्या पाकिस्तानी हँगोरमधला माणूस त्या वेळी काय ऐकत असंल ते आपल्याशिवाय कुणाला कळणार? त्या दिवशी तो मासे खायचा नाही. कोळी माणूस!

तर आता माझी अडचण. भावाला खरं सांगितलं तर त्याला काय मिळेल? त्रेचाळीस वर्षं तो भावावर रागावला आणि तो राग चुकीचा होता, हे भाऊ गेल्यावर चार महिन्यांनी त्याच्या हातात द्यायचं? शैला म्हणते, झाकून ठेवा, म्हाताऱ्या माणसाला कशाला जाळता. रात्री मला तिचं पटतं. पहाटे नाही पटत. कारण तो स्वतः विचारायला आला, दिन्या. चटणीचं ऐकून त्याने हिशेब घातला. आई गेल्यावरही भाऊ तिची चटणी वाटत होता, एवढं त्याला माझ्याच तोंडून कळलंय. म्हणजे मी अर्धं सांगून बसलोय. आता त्याच्यासमोर दोनच अर्थ आहेत. एक तर थोरल्याला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तो हसत चटणी वाटत होता. दुसरा अर्थ मनात घेऊन तो झोपत असेल तर ते मी केलंय, नेरुळच्या हॉलमध्ये उभा राहून, सगळ्यांना हसवत.

मी जाणार आहे. रविवारी, बावीस तारखेला. ठाण्याहून नेरुळ, तिथून उरणची गाडी. आता थेट उरणपर्यंत जाते, मोऱ्याच्या लाँचसाठी भाऊच्या धक्क्यावर ताटकळायचे दिवस गेले. उरणहून करंजाला रिक्षा मिळते, दारापर्यंत जाईल, तुझ्या गुडघ्याला चालावं लागणार नाही. हो, मी तुला ये म्हणतोय. तुझा ऊस गाळपाला जायचाय, सुनेचे दिवस भरत आलेत, सगळं ठाऊक आहे. नातवंड झालं की आधी मला कळव, आणि वहिनींना नमस्कार सांग. तरी ये. तार तू घेतली होतीस. ती त्याला तुझ्या तोंडून मिळाली तर ती खरी तार होईल. मी सांगितलं तर ऐकीव.

नाहीच जमलं तर मी एकटा जाईन आणि सांगेन की नाखव्याला जेट्टीवर कळलं, त्याआधी नाही. तो विचारेल, मग बोटीत कुणाला ठाऊक होतं? मी माझं नाव सांगणार. तुझं सांगू की नको, एवढं मला शनिवारच्या आत कळव.

तुझा,
बाळ्या

ता. क. पेज करून घातलेली ती स्टीलची वाटी माझ्याकडेच राहिली होती. ती त्यांच्याकडे परत करतोय.